सर्वानुमते मंजूर

आमच्या कॉलेजची पाटी स्वयंपाकघराच्या दारामागे उभी होती. जुन्या चादरीत गुंडाळलेली, वरून सुतळी बांधलेली. इथल्या, म्हणजे आम्ही येऊन राहिलेल्या या परक्या देशाच्या कायद्याप्रमाणे परवाना हातात पडेपर्यंत 'कॉलेज' हा शब्द रस्त्यावरून दिसेल असा कुठेही लावता येत नाही. दारावर नाही, खिडकीच्या काचेवर नाही, पत्रकावरही नाही. पण दादांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांच्या हातांना सतत काहीतरी काम लागतं. त्यांनी लाकूड आणलं, अक्षरं कोरली, पॉलिश केलं, आणि मग कायदा कळला. तेव्हापासून ती पाटी मुहूर्त न निघालेल्या नवरीसारखी आत बसली होती.

माझी मुलगी त्या पाटीला धरूनच उभं राहायला शिकली. तिला आम्ही मुंगी म्हणतो. तिला एक छानसं नाव ठेवलेलं आहे, पण साखरेचा डबा कुठेही ठेवला तरी ती रांगत बरोबर तिथे पोचते, त्यामुळे ते नाव वापरात आलंच नाही.

कॉलेज होतं चष्म्याचं. म्हणजे दादा तसं म्हणायचे. डोळे तपासून नंबर काढायचा, काच घासून फ्रेमात बसवायची, आणि समोरचं डोळ्याचं दुखणं आपल्या हातचं नसेल तर ते वेळेवर ओळखून डॉक्टरकडे धाडायचं, हे सगळं शिकवणारी पदविका. तळमजल्यावर काचा घासायची यंत्रं, पहिल्या मजल्यावर वर्ग आणि तपासणीची खोली, आणि दुसऱ्या मजल्यावर आम्ही. परवाना म्हणजे दार उघडायची परवानगी, आणि मान्यता म्हणजे आतून बाहेर पडणाऱ्याच्या पदविकेला चार ठिकाणी किंमत असल्याचा शिक्का. दोन्ही एकाच समितीच्या भेटीवर अवलंबून होतं. समितीने नाही म्हटलं, तर पुन्हा अर्ज पुढच्या वर्षी. आणि घरमालक पुढच्या वर्षापर्यंत रिकाम्या खोल्या राखत बसणार नव्हते.

कॉलेज वहिनींचं. वहिनी म्हणजे दादांची बायको, माझ्या थोरल्या जाऊबाई. मायदेशी त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कॉलेजात शिकवलं. मुलं त्यांनी घडवली आणि पदविकेवर मानाची, वरची सही केली संस्थाचालकांनी, ज्यांना जवळचा नंबर आणि लांबचा नंबर यातला फरक ठाऊक नव्हता. वहिनी हे कधी तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. एकदाच, मुंगीला मांडीवर झोपवताना, हळूच म्हणाल्या होत्या, "एका तरी कागदावर माझी सही खाली नको, वर हवी." साठी जवळ आली होती. पुढचं वर्ष या शब्दाला त्या वयात वेगळं वजन असतं.

मी त्यांची विद्यार्थिनीसुद्धा होते, जाऊ नंतर झाले. त्यांनीच मला वर्गात बघून धाकट्या दिरासाठी हेरलं, असं माझा नवरा म्हणतो. वहिनी म्हणतात, "हेरलं कसलं, तूच रोज चष्मा दुरुस्त करायला यायचास, आणि चष्मा तुला नव्हताच."

नव्या कॉलेजात मी तपासणीच्या खोलीची शिक्षिका आणि शैक्षणिक मंडळाची सचिव होते. मंडळ म्हणजे आम्ही चौघं. वहिनी, मी, काचवाले मास्तर आणि प्राध्यापक. काचवाले मास्तर इथलेच, काच घासण्यात केस पांढरे झालेले. प्राध्यापकही इथलेच, विद्यापीठातून निवृत्त झालेले, उंच आणि किंचित वाकलेले. नियमानुसार मंडळाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे. काय शिकवायचं, कोणाला घ्यायचं, किती जणांना घ्यायचं, हे मंडळ ठरवणार, कॉलेजच्या मालकाने नव्हे. वहिनींना हा नियम मनापासून मान्य होता. फक्त त्यांची पद्धत वेगळी होती.

पद्धत अशी. सभेत भांडायचं नाही. सभेच्या आधी भांडून घ्यायचं.

"सभा म्हणजे चार लोकांसमोर बसणं," वहिनी म्हणायच्या. "तिथे काय तोंड वाजवायचं? जे काय फाडायचं-शिवायचं ते आधी घरात."

त्यामुळे खरी सभा व्हायची आमच्या स्वयंपाकघरात. प्राध्यापक जिना चढून धापा टाकत यायचे, काचवाले मास्तर हात पुसत यायचे, मी मुंगीला कडेवर घेऊन चहा ठेवायची, आणि वाद सुरू व्हायचा. वाद त्यांच्या भाषेत व्हायचा आणि राग मराठीत. प्रवेशाची अट कोणती ठेवायची यावर तर अशी जुंपली की दूध उतू जाऊन शेगडी विझली तरी कोणी उठलं नाही. वहिनींना वाटायचं, गणितात कच्ची असलेली मुलंही घ्यावीत, आपण तयार करू. प्राध्यापक म्हणत, काचेचा कोन काढता आला नाही तर पोरगं दुसऱ्याच सत्रात गळेल, ते पाप कोणाच्या माथी? वहिनी मराठीत पुटपुटल्या, "हा म्हातारा माझं वाटोळं करणार." प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "तुमचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे म्हणाल्या."

शेवटी वहिनी हरल्या. गणिताची अट राहिली, आणि कच्च्या मुलांसाठी आधी एक तयारीचा वर्ग ठरला. तो वर्ग आमच्या अभ्यासक्रमातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे, आणि तो त्या उतू गेलेल्या दुधातून निघाला. मग आम्ही चौघं खाली गेलो, वर्गात टेबलाभोवती बसलो, प्राध्यापकांनी विषय वाचला, सगळ्यांनी माना डोलावल्या. मुंगी झोपल्यावर मी इतिवृत्त लिहिलं: प्रवेशाची अट, सर्वानुमते मंजूर.

असं प्रत्येक सभेचं. वेळापत्रक, सर्वानुमते मंजूर. परीक्षेची पद्धत, सर्वानुमते मंजूर. प्राध्यापकांनी एकदा विचारलं होतं, "वाद झाला तेही लिहायला हवं ना?" वहिनी आश्चर्याने म्हणाल्या, "वाद? आपण तर चहा प्यायलो." प्राध्यापकांना हसू आलं आणि विषय तिथेच राहिला. ते जन्मभर शिकवणारे गृहस्थ, कार्यालयाच्या कामाशी त्यांचाही संबंध बेताचाच. आणि मला तर वहिनींचं म्हणणं बरोबरच वाटत होतं. भांडण मिटलं की मिटलं. लिहून ठेवलं तर ते राहतं.

समितीने कळवलं होतं की भेटीच्या दिवशी शैक्षणिक मंडळाची एक सभा आमच्यासमोर घ्या. विषय उरला होता एकच, पहिल्या वर्षी किती विद्यार्थी घ्यायचे. वहिनींनी कागदावर तीस लिहिलं होतं.

तीस मला पटत नव्हतं. तपासणीच्या खोलीत खुर्च्या सहा. एका खुर्चीपाशी तीन विद्यार्थी, एक तपासतो, एक लिहितो, एक बघतो, इथवर ठीक. त्याहून जास्त झाले की मागचा नुसता समोरच्याची मान बघतो. हे मी वहिनींना स्वयंपाकघरात सांगणार होते. पण तो आठवडा असा होता की स्वयंपाकघरात पाय टेकायला कोणाला सवड नव्हती. दादा जिन्याचा कठडा पक्का करत होते, मास्तर यंत्रांना तेल घालत होते, मुंगीला दात येत होते. मी एकदा विषय काढला, तर वहिनी पडद्याच्या कड्या मोजत म्हणाल्या, "अगं, समिती जाऊ दे, मग बोलू. त्या दिवशी सगळे हो म्हणा आणि मोकळे व्हा."

"पण वहिनी, लिहिलं की तेच राहणार ना."

"तू आधी त्या पोरीला घे बघू. कडी खाल्ली तिने."

खरंच खाल्ली होती. तोंडात बोट घालून काढेपर्यंत विषय गेला.

समिती सकाळी आली. तिघं जण. अध्यक्षबाई ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, पायात मऊ बूट, त्यामुळे त्या कधी मागे येऊन उभ्या राहत ते कळायचं नाही. त्यांच्याबरोबर एक टक्कल पडलेले गृहस्थ आणि एक तरुण, जो सगळं टिपून घेत होता. वहिनींनी त्यांना इमारत दाखवली. काचवाले मास्तरांनी एक काच घासून दाखवली. टक्कलवाल्यांनी ती हातात घेऊन उजेडाकडे धरली आणि लहान मुलासारखे खूश झाले. पहिल्या मजल्यावर आलो, तर डोक्यावर थप थप थप असा आवाज येत होता. तरुणाने वर पाहिलं.

"आमची सगळ्यात लहान विद्यार्थिनी," वहिनी म्हणाल्या. "अजून रांगते."

तपासणीच्या खोलीत वहिनी खुलल्या. त्यांनी अध्यक्षबाईंनाच खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर ती जड गोल फ्रेम चढवली, समोर अक्षरांचा तक्ता, आणि एकेक काच सरकवत विचारू लागल्या, "ही बरी की ही? पहिली की दुसरी?"

"दोन्ही चांगल्या आहेत," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"असं चालत नाही," वहिनी म्हणाल्या. "मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी हेच सांगते. पेशंट भिडस्त असतो. त्याला वाटतं, डॉक्टरांना बरं वाटावं. तो सगळ्याला हो म्हणतो, आणि चुकीचा चष्मा घेऊन घरी जातो. आमच्याकडे म्हणतात, भीड ही भिकेची बहीण. ज्या पेशंटला नाही म्हणता येतं, त्याचाच नंबर बरोबर निघतो. तेव्हा नीट सांगा. पहिली की दुसरी?"

अध्यक्षबाई हसल्या. "दुसरी वाईट आहे."

"आता कसं."

सगळं इतकं छान चाललं होतं. मग आम्ही वर्गात बसलो आणि अध्यक्षबाईंनी इतिवृत्तांची फाइल उघडली. माझी फाइल, दुपारच्या झोपेतून चोरलेल्या वेळात टाइप केलेली, कोपरे जुळवून लावलेली. त्यांनी पानं उलटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. परत उलटली.

"सगळे ठराव सर्वानुमते आहेत," त्या म्हणाल्या.

"हो," वहिनी म्हणाल्या.

"एकाही विषयावर कोणाचं वेगळं मत नव्हतं?"

"आमच्याकडे मतभेद होतच नाहीत." वहिनी हे अशा अभिमानाने म्हणाल्या, जसं आपण म्हणतो की आमच्या घरात कोणी आवाज चढवून बोलत नाही.

अध्यक्षबाईंनी फाइल मिटली. टक्कलवाल्यांनी हलकेच विचारलं, "मग तुम्ही एखादी चुकीची गोष्ट ठरवलीत, तर तुम्हाला नाही कोण म्हणेल?"

वहिनींना प्रश्नच कळला नाही. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. प्राध्यापकांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसायला घेतला. तरुणाने काहीतरी लिहिलं, आणि त्या लिहिण्याचा आवाजसुद्धा ऐकू आला.

जेवणाच्या सुट्टीत समिती बाहेर गेली. मी वर जाऊन मुंगीला पाजायला घेतलं. ती दूध पिताना माझ्या कानाची पाळी धरते आणि पुनःपुन्हा मुडपते, जसं काही तीच माझी समजूत घालते आहे. माझा नवरा दारात उभा राहिला.

"कसं चाललंय?"

"बुडतंय."

"वहिनी तर छान चाललंय म्हणाल्या."

तेवढ्यात प्राध्यापक जिना चढून आले. नेहमीसारखे दाराशी थांबले, मी दुपट्टा सारखा केल्यावर आत येऊन पाठमोरे बसले. "समितीला वाटतंय, हे मंडळ नुसतं शिक्का मारतं," ते पाटीकडे बघत म्हणाले. "मालकीणबाई ठरवतात आणि आपण माना डोलावतो. असं कॉलेज ते मंजूर करत नाहीत. मीही केलं नसतं."

"पण आपण इतके भांडलो."

"ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे आणि त्या शेगडीला माहीत आहे."

"मी सांगू त्यांना?"

"आता सांगितलंस तर गोष्ट रचल्यासारखी वाटेल." ते उठले. "मला एवढंच विचारायचं होतं, तीस जागा तुला पटतात का?"

मी मुंगीच्या ओठावरचं दूध पुसलं. मुंगीने कान सोडला आणि त्यांच्याकडे पाहून हसली.

"मलाही अजून ठरवता आलेलं नाही," ते म्हणाले. "खुर्च्यांपाशी तू उभी राहणार आहेस, मी नाही." आणि ते जिना उतरून गेले.

मुंगी झोपली तरी मी तिला तशीच घेऊन बसले. बाहेरच्यांसमोर वहिनींना नाही म्हणायचं. ज्यांनी मला वर्गात हात धरून पहिली काच लावायला शिकवलं, बाळंतपणात माझे पाय चेपले, मुंगीला पहिल्यांदा आंघोळ घातली, त्यांना. त्यांच्या आयुष्याच्या एका दिवशी. स्वयंपाकघरात मी त्यांना शंभरदा नाही म्हटलंय, पण तिथे हातात लाटणं असतं, मागे चहा उकळत असतो, नाही म्हटल्यावर साखर किती हेही विचारता येतं. वर्गातल्या त्या लांबड्या टेबलावर 'नाही' हा शब्द एकटाच पडून राहतो. आणि नाही न म्हणावं, तर ज्याला मी मनातून चूक म्हणते त्या आकड्याखाली पुन्हा माझ्याच हाताने सर्वानुमते लिहायचं. नवऱ्याने मुंगीला माझ्या हातातून घेतलं. "जा," म्हणाला. "ती उठली तर मी बघतो."

सभा सुरू झाली. समितीचे तिघं खिडकीपाशी खुर्च्या टाकून बसले, आम्ही चौघं टेबलाशी. प्राध्यापकांनी विषय वाचला. "पहिल्या वर्षी तीस विद्यार्थी. कोणाला काही म्हणायचंय?"

वहिनींनी पेनाचं टोपण लावून टाकलं होतं. त्यांच्या मते सभा संपली होती.

"मला पटत नाही," मी म्हटलं.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, धक्काही नव्हता. आपण घरातून निघताना कुलूप लावलं ना, असं आठवताना माणसाचा चेहरा होतो तसा झाला.

"काय पटत नाही?" त्यांनी विचारलं. इथल्या भाषेतच, पण आवाज घरचा.

"तीस. खुर्च्या सहा आहेत. एका खुर्चीला तीनच्या वर विद्यार्थी नकोत. म्हणजे अठरा."

"अठरात कॉलेज चालतं का? दिवे लावायचे आहेत, यंत्रं चालवायची आहेत. दोन पाळ्या करू. सकाळी पंधरा, संध्याकाळी पंधरा."

"संध्याकाळी कोण शिकवणार?"

"तू."

"मी संध्याकाळी नसणार, वहिनी. संध्याकाळी मुंगीला मी लागते." हे बोलले आणि माझे कान तापले. समितीसमोर हे काय सांगते आहे मी. पण आता थांबता येत नव्हतं. "आणि मी असले तरी नको. दिवसभर तपासून थकलेला शिक्षक घाई करतो. शिक्षक घाई करतो म्हणून विद्यार्थी घाई करतो. घाईत असलेल्या माणसाला पेशंट नाही म्हणत नाही. मग आपण सकाळी यांना जे सांगितलं, ते कोणाला शिकवणार?"

"माझंच वाक्य मला ऐकवतेस?"

"तुम्हीच शिकवलंय."

"मी तीस जणांना शिकवायचे. एकटी. बाकं कमी, काचांची पेटी एक."

"आणि त्यातल्या किती जणांना नंबर काढता यायचा?"

हे मी बोलायला नको होतं. त्यांच्या वर्षानुवर्षांच्या कष्टांवर हा सरळ हात टाकणं होतं. काचवाले मास्तर टेबलावरची नसलेली धूळ पुसू लागले. वर थप थप सुरू झालं होतं, मुंगी उठली होती.

वहिनींनी पेनाचं टोपण काढलं. पुन्हा लावलं. मग मराठीत, अगदी हळू, म्हणाल्या, "निम्म्या." आणि थोड्या वेळाने, सगळ्यांना कळेल अशा भाषेत, "निम्म्या जणांना यायचा. बाकीचे पाठ करून पास व्हायचे. मला माहीत होतं."

मग मास्तर बोलले. यंत्रांवर वीस जण चालतील, पण तीस म्हणजे कोणाचं तरी बोट जाईल. प्राध्यापकांनी पुढच्या वर्षी खुर्च्या वाढवून जागा वाढवण्याचा मार्ग सुचवला. वहिनी तरी हार मानेनात. चोवीसवर या म्हणाल्या. मी अठरावरून हलले नाही. बाजारात भाजी घासाघीस करून घेतात तशी ती सभा चालली, आणि खिडकीपाशी तिघं जण बसले आहेत हे आम्ही चौघंही विसरून गेलो. वहिनी मध्येच मला "अगं गप, सरांना बोलू दे" म्हणाल्या, तेही मराठीत.

प्राध्यापकांनी मत विचारलं. अठराच्या बाजूने तिघांनी हात वर केले. वहिनींनी हात टेबलावरच ठेवला.

"ठराव मंजूर," प्राध्यापक म्हणाले.

मी पेन उचललं. हाताला सवय झालेली, 'सर्वा' एवढं लिहून झालंही होतं. वहिनींनी वाकून माझ्या कागदात पाहिलं.

"ते खोड."

"काय?"

"सर्वानुमते कुठे झालं? मी नाही म्हटलंय. माझं 'नाही' तिथे लिही." बोट त्यांनी कागदावर टेकवलं. "नीट लिही. संस्थापिकेचा विरोध होता. तिला चोवीस हवे होते. कारण पण लिही. उद्या अठरात कॉलेज चाललं नाही, तर मी हा कागद तुम्हा सगळ्यांना दाखवीन."

काचवाले मास्तर मोठ्याने हसले. मी 'सर्वा' खोडलं आणि वहिनींनी सांगितलं तसं लिहिलं. त्या शब्द सांगत होत्या आणि मी लिहीत होते, अगदी त्यांच्या वर्गात असताना लिहायचे तसं.

टक्कलवाल्यांनी खाकरून विचारलं, "माफ करा, पण हे सगळं आमच्यासाठी केलंत का?"

"तुमच्यासाठी?" वहिनी म्हणाल्या. "माझ्या बारा जागा गेल्या. पाहुण्यांसाठी कोणी इतकं करतं होय?"

अध्यक्षबाईंनी मला विचारलं, "सभा नेहमी अशा होतात?"

मी वहिनींकडे पाहिलं. आता त्यांना कळलं होतं. सकाळचा प्रश्न, फाइल मिटणं, सगळं एकदम त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. त्यांनी मान हलवली, सांग म्हणून.

"होतात," मी म्हटलं. "पण वर, स्वयंपाकघरात. खाली यायच्या आधी. मी फक्त शेवट लिहायचे."

"का?"

"आमच्या घरात भांडण संपलं की लिहून ठेवत नाहीत."

अध्यक्षबाईंनी वर, छताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "स्वयंपाकघर बघता येईल?"

ते काही बघण्याच्या यादीत नव्हतं. तिथे मुंगीचे कपडे वाळत होते, ओट्यावर अर्धं केळं होतं, आणि मुंगी स्वतः पाटीला धरून उभी होती. अध्यक्षबाईंनी चादरीत गुंडाळलेला तो लांबट आकार पाहिला, मग वहिनींकडे पाहिलं.

"पाटी आहे," वहिनी म्हणाल्या. "लावली नाहीये. कायद्यात बसत नाही."

"बरोबर," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्या खुर्चीवर बसल्या. वहिनींनी कोणाला न विचारता चहा ठेवला, आणि प्रवेशाच्या अटीची, तयारीच्या वर्गाची, उतू गेलेल्या दुधाची सगळी हकीकत स्वतःच सांगितली, आपण कशा हरलो त्यासकट. प्राध्यापकांना कुठला शब्द वापरला होता, तेही. प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुंगीचं नाक पुसायला घेतलं.

उत्तर यायला बराच काळ गेला. वहिनी टपालवाल्याच्या पावलांकडे कान लावत नाहीत असं दाखवायच्या आणि खिडकीपाशीच भाजी निवडायच्या. सभेच्या दिवशीच्या माझ्या त्या वाक्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. मीच एकदा म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले." त्या देठ मोडत म्हणाल्या, "जास्त नाही. उशिरा बोललीस. कड्या मोजत होते तेव्हा धरून बसवायचं होतंस मला."

पत्र आलं तेव्हा मुंगी झोपली होती, म्हणून कोणी ओरडलं नाही. परवाना मिळाला, मान्यता मिळाली, विद्यार्थी अठरा. सोबत एक अट होती. यापुढे शैक्षणिक मंडळाची चर्चा सभेतच व्हावी, आणि मतभेदांसह तिची नोंद ठेवावी. वहिनींनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढून डोळे पुसले, चष्मा पुसला, पुन्हा घातला. मग पेन मागितलं. पोच म्हणून एक प्रत खाली सही करून परत पाठवायची होती. दादा म्हणाले, "अगं, सही खालीच करायची आहे." वहिनी म्हणाल्या, "असू दे. पदविकांवर वर करीन."

दादांनी पाटीची सुतळी सोडली आणि ती खांद्यावर घेऊन खाली गेले. मुंगी उठली, रांगत दारामागे आली. तिथे काही नव्हतं. ती थोडा वेळ रिकाम्या कोपऱ्याकडे बघत बसली, मग वळली, वहिनींच्या गुडघ्याला धरून उभी राहिली.

आता अठरा जण जिना चढ-उतार करतात. सभा खाली, लांबड्या टेबलावर होतात. माझं इतिवृत्त पानंच्या पानं भरतं, कोण काय म्हणालं, कोण हटलं नाही. वहिनींचा विरोध जवळजवळ प्रत्येक पानावर असतो, आणि तो शब्दशः आहे ना, हे त्या सही करण्याआधी तपासतात.

परवा संध्याकाळी मी मुंगीला भात भरवत होते. वहिनी आत आल्या, डबा उघडला, बंद केला आणि म्हणाल्या, "ती परीक्षेची तारीख तुम्ही लोकांनी ठरवलीत, ती साफ..." आणि थांबल्या.

"काय साफ?" मी विचारलं.

"काही नाही. मंगळवारी सभेत बोलते." त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली आणि मुंगीसमोर बसल्या. मी चहा ठेवला. दूध नीट तापलं, उतू गेलं नाही. किती तरी वेळ स्वयंपाकघरात नुसती चमच्याची किणकिण चालली होती.

"फार शांत वाटतं गं इथे हल्ली," वहिनी म्हणाल्या.

"मग भांडा ना," मी म्हटलं. "मी लिहीत नाही."

त्यांनी दाराकडे पाहिलं, जसं काही अध्यक्षबाई मऊ बूट घालून मागे उभ्या असतील. मग वाटी खाली ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "साखर किती घातलीस चहात? नेहमी कमी घालतेस. मला पहिल्यापासून पटलेलं नाही ते."